खुब्यातलं मेकॅनिकल

वर्कशॉपमध्ये लेथच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक बसवताना आपण काय करतो? चकची निमुळती दांडी फडक्याने पुसायची, टेलस्टॉकच्या भोकात सरकवायची आणि एक दणका द्यायचा. बस्स! बोल्ट नाही, स्क्रू नाही, तरी चक निघत नाही की फिरत नाही. हा मोर्स टेपर. फर्स्ट इयरला जर्नलमध्ये आकृती काढून सही घेतली की आपण तो विसरून जातो. पण जगात लाखो माणसं असाच एक टेपर स्वतःच्या कमरेत घेऊन हिंडत आहेत, जिने चढत आहेत, वरातीत नाचतही आहेत. हिप रिप्लेसमेंट, म्हणजे खुब्याचा सांधा बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडात धातूची एक दांडी बसवतात. तिला स्टेम म्हणतात. स्टेमच्या मानेवर गोल बॉल असाच ठोकून बसवलेला असतो. मानेचा व्यास वरच्या टोकाला साधारण १२ मिमी, खाली १४ मिमी, म्हणून या टेपरला बारा-चौदाचा टेपर म्हणतात. आणि पुसायचा नियमही तोच! टेपरवर रक्ताचा थेंब किंवा चरबीचा कण राहिला तर पकड कमी होते, तिथे बारीक घासण सुरू होते आणि मागून गंज येतो. शरीरातलं पाणी खारट आहे हे विसरून चालत नाही.

मी डॉक्टर नाही, मेकॅनिकलची आहे. या विषयात शिरले ती आमच्या मेसच्या मावशींमुळे. (खुबा हा शब्दही मला त्यांच्याकडूनच मिळाला. आमच्या शाळेत सिस्टरनी फक्त हिप जॉइंट शिकवला होता.) त्यांच्या यजमानांना डाव्या खुब्यात एव्हीएन झालाय. म्हणजे बॉलचा रक्तपुरवठा बंद पडतो, हाड आतून मरतं आणि शेवटी गोल बॉल चेपतो. वय ४४, टेम्पो चालवतात. मावशींनी मला हॉस्पिटलच्या एस्टिमेटचा कागद दाखवला. त्यावर तीन प्रकारचे बॉल आणि तीन किमती. "तू मशीनचं शिकतेस ना पोरी, मग सांग यातला कुठला घ्यायचा?" त्यांना वाटलं पाच मिनिटांचं काम आहे. मला लायब्ररीत आणि नेटवर तीन आठवडे लागले, आणि उत्तर भलतीकडेच निघालं. ते इथे सगळ्यांसाठी लिहिते, कारण मेसमध्ये विचारल्यावर कळलं की प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी आजी, मामा, शेजारचे काका या रांगेत आहेत.

आधी लोड किती येतो ते बघू. ॲप्लाइड मेकॅनिक्सची भीती असणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण सोडू नका.

६० किलोचा माणूस एका पायावर उभा आहे. (चालताना आपण प्रत्येक पावलाला क्षणभर एका पायावरच असतो.) उभा असलेला पाय वजा केला तर खुब्याच्या वर साधारण ५० किलो उरतात. हे वजन शरीराच्या मध्यावरून खाली येतं, म्हणजे खुब्यापासून समजा १० सेंमी आतल्या बाजूला. कमर दुसऱ्या बाजूला पडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ओढ लावतात, पण त्यांचा लिव्हर आर्म जेमतेम ५ सेंमी. सी-सॉ सारखा हिशेब करा: ५० गुणिले १० भागिले ५, म्हणजे स्नायूंना १०० किलोची ओढ लावावी लागते. सांध्यावर दोन्ही मिळून १५० किलो! वजनाच्या अडीच पट. हे नुसतं कागदावरचं नाही. बर्लिनच्या बर्गमान यांच्या गटाने सांध्याच्या आतच स्ट्रेन गेज आणि छोटा ट्रान्समीटर बसवून पेशंटना चालायला लावलं, तेव्हा साध्या चालण्यात वजनाच्या सुमारे २.४ पट लोड मिळाला. अडखळल्यावर तो आठ पटींच्याही वर गेला.

आता गंमत बघा. मावशींचे यजमान काठी डाव्या हातात धरायचे, कारण दुखतंय डावीकडे. काठी हवी उजव्या हातात! उजव्या हातातली काठी डाव्या खुब्यापासून ४० सेंमीवर टेकते. तिच्यावर फक्त ८ किलो रेटा दिला तर ३२० चा मोमेंट मिळतो. ५०० मधून ३२० गेले, उरले १८०. स्नायूंची ओढ १८० भागिले ५, म्हणजे ३६ किलो. वरचं वजन ५० मधून ८ जाऊन ४२. सांध्यावर एकूण ७८ किलो. कुठे १५० आणि कुठे ७८! आणि त्याच बाजूच्या हातात धरली तर काठीचा मोमेंट उलट्या दिशेला जातो. ही एक गोष्ट कुठल्याही ऑपरेशनशिवाय, फुकट मिळणारी आहे.

असा लोड वर्षाला साधारण दहा लाख वेळा. सांध्याची टेस्ट करणारी मशीन्स दहा लाख सायकल म्हणजे एक वर्ष असाच ढोबळ हिशेब धरतात. असं बेअरिंग माणसाच्या आत, ऑइलिंग न करता, पंचवीस वर्षं चालायला पाहिजे. कोण बनवणार?

ज्यांनी बनवलं त्यांचं नाव सर जॉन चार्नली. इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यात रायटिंग्टन नावाचं हॉस्पिटल आहे, पूर्वीचं टीबीचं. तिथे हे सर्जन होते आणि हॉस्पिटलमध्येच त्यांनी स्वतःचं वर्कशॉप थाटलं होतं. त्यांनी आधी धातूचा बॉल आणि टेफ्लॉनची वाटी वापरली. टेफ्लॉन म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचं तेच. घर्षण अगदी कमी, पेशंट खूश. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजून भुगा झाला आणि त्या भुग्याने आजूबाजूचं हाड खाल्लं. तीनशेच्या आसपास पेशंट होते आणि त्यांच्यातल्या एकेकाला पुन्हा टेबलावर घ्यायची वेळ आली. चार्नलींनी दोन्ही प्लॅस्टिकचे तुकडे स्वतःच्या मांडीत घालून शरीर काय करतं तेही पाहिलं. (डेडिकेशन! आपण सबमिशनसाठी रात्रभर जागलो तरी बोंबलतो.)

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. मे १९६२ मध्ये एक सेल्समन वर्कशॉपमध्ये एक नवीन प्लॅस्टिक घेऊन आला. लँकेशायरमधल्या कापडगिरण्यांच्या मागांसाठी ते वापरत. मुंबईच्या गिरणगावात जिथून मशीन यायची तोच हा मुलूख. नाव अल्ट्रा हाय मॉलिक्युलर वेट पॉलिथिलीन. चार्नलींनी नखाने दाबून बघितलं आणि नाकारलं. त्यांचे वर्कशॉपमधले टेक्निशियन हॅरी क्रेव्हन यांनी मात्र, साहेब कोपनहेगनला गेलेत हे बघून, तो तुकडा झिजेच्या मशीनवर चढवला. मशीन रात्रंदिवस चाललं. तीन आठवड्यांत जेवढी झीज झाली, तेवढी टेफ्लॉनमध्ये एका दिवसातच होत असे. नोव्हेंबर १९६२ मध्ये तो कप पहिल्यांदा माणसात बसला. आज, साठ वर्षांनंतरही, बहुतेक खुब्यांमध्ये त्याच घराण्यातलं प्लॅस्टिक आहे. फरक एवढाच की १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ते रेडिएशनने क्रॉसलिंक केलेलं मिळतं आणि खूपच कमी झिजतं. डॉक्टर, सेल्समन आणि टेक्निशियन या तिघांत मी कुणाला मार्क जास्त देईन हे सांगायला नको.

चार्नलींचा बॉल फक्त २२.२२५ मिमीचा होता, म्हणजे सात अष्टमांश इंच. निसर्गाचा बॉल त्याच्या जवळपास दुप्पट असतो. मग एवढा लहान का? घर्षणाचा टॉर्क म्हणजे घर्षणाचं बल गुणिले त्रिज्या. त्रिज्या कमी तर टॉर्क कमी, आणि हाडातून कप उपटला जाण्याची शक्यताही कमी. शिवाय प्रत्येक पावलाला घासण्याचं अंतर त्रिज्येच्या प्रमाणात असतं, म्हणून भुगाही कमी. पण लहान बॉलची एक मोठी कटकट आहे. तो वाटीतून पटकन बाहेर येतो. खुबा निखळणं, इंग्रजीत डिस्लोकेशन. सांधा बदललेल्या माणसाला पहाटे उठताना एकदम खट्ट होतं, पाय वाकडा आणि आखूड होऊन पडतो आणि थेट ॲम्ब्युलन्स. इथूनच सगळा कोनांचा खेळ सुरू होतो.

ऑपरेशन कसं होतं ते थोडक्यात. पेशंटला कुशीवर झोपवतात, खराब बाजू वर. खुब्यात शिरायला तीन मुख्य वाटा आहेत: मागून, बाजूने आणि पुढून. मागची वाट जगात खूप वापरली जाते, कारण तीत चालण्याचे मोठे स्नायू शाबूत राहतात आणि सगळं नीट दिसतं. मात्र मागचे छोटे फिरवणारे स्नायू कापावे लागतात, सायटिक नर्व्ह जवळच असते आणि निखळायचं झालं तर खुबा मागेच निखळतो. शेवटी ते छोटे स्नायू आणि सांध्याची पिशवी परत नीट शिवली तर हा धोका बराच कमी होतो. पुढच्या वाटेत दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून जातात, काही कापायला लागत नाही, पण मांडीच्या हाडापर्यंत सरळ पोचणं कठीण आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहू शकतो. कुठली वाट चांगली यावर सर्जन लोकांत आपल्याकडच्या पुणे-मुंबई वादाइतकीच भांडणं आहेत. ज्याला जी वाट सरावाची, त्याने ती घ्यावी असं मला वाचून वाटलं.

आत गेल्यावर खुबा मुद्दाम निखळवतात आणि करवतीने मांडीच्या हाडाची मान कापून जुना बॉल काढून टाकतात. मग वाटी. पेल्व्हिसमधल्या या वाटीला ॲसिटॅब्युलम म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ व्हिनेगरची वाटी! अर्धगोल रीमर घेऊन, खोबरं किसायच्या किसणीसारखा, एकेक-दोन दोन मिलिमीटर वाढवत ती कोरतात, आतून ताजं रक्त पाझरणारं हाड लागेपर्यंत. रीमर ५१ चा असेल तर कप ५२ चा घ्यायचा आणि ठोकून बसवायचा. इंटरफिअरन्स फिट, फिट्स अँड टॉलरन्सेसच्या चॅप्टरमधलाच. कपाच्या पाठीवर सच्छिद्र थर असतो. हाड त्या छिद्रांत वाढतं, पण एका अटीवर: कप आणि हाड यांच्यातली हालचाल ४०-५० मायक्रॉनच्या आत पाहिजे. म्हणजे फार तर एका केसाच्या जाडीइतकी. ती १५० च्या वर गेली तर हाडाऐवजी तंतूंचा थर तयार होतो आणि कप कायमचा सैल राहतो.

आता मुख्य मुद्दा: हा कप कुठल्या कोनात ठोकायचा?

दोन कोन आहेत. हातात एक वाटी घ्या. तोंड खाली आणि बाहेर करून धरा. वाटीचं तोंड आडव्या रेषेशी किती तिरकं आहे तो झाला इन्क्लिनेशन. आणि तोंड थोडं पुढच्या बाजूला किती वळलंय तो अँटिव्हर्जन. इन्क्लिनेशन फार झालं, समजा ६० अंश, तर वाटी उभी होते, वरून बॉलवर छप्परच राहत नाही आणि सगळा लोड वाटीच्या काठावर येतो. फार कमी झालं तर पाय वाकवताना किंवा फाकवताना स्टेमची मान वाटीच्या काठावर आपटते. मान काठावर टेकली की पुढे पाय आणखी वळला तर काय होतं? काठ टेकू बनतो आणि बॉल पहारीने दगड उचकटावा तसा बाहेर! अँटिव्हर्जन कमी पडलं तर बसताना बॉल मागे जातो, जास्त झालं तर उभं राहून पाय मागे नेताना पुढे येतो.

१९७८ मध्ये अमेरिकेत लेविनेक आणि सहकाऱ्यांनी ३०० खुबे तपासून एक सेफ झोन दिला: इन्क्लिनेशन ४० अधिक-उणे १०, अँटिव्हर्जन १५ अधिक-उणे १०. या चौकटीच्या आत निखळण्याचं प्रमाण १.५ टक्के, बाहेर ६.१ टक्के. यात एकूण निखळलेले खुबे फक्त ९ होते, हे मात्र लोक सांगायचं विसरतात. तरी चाळीस वर्षं जगभरचे सर्जन ही चौकट पाठ करत आले.

चौकट माहीत आहे म्हणजे ती गाठता येते असं नाही. मेट्रॉलॉजीचं पहिलं लेक्चर आठवा: डेटम कुठला? पेशंट कुशीवर, अंगभर हिरवी कापडं, दिसतं फक्त एक भोक. सर्जन कप ठोकायचं हँडल टेबलाच्या आणि जमिनीच्या अंदाजाने धरतो. पण कोन हवाय पेल्व्हिसच्या संदर्भात! आतली ओढाताण चालू असताना पेल्व्हिस कापडाखाली दहा अंश पुढे लवंडला, तर टेबलाच्या हिशेबाने बरोबर ठोकलेला कप प्रत्यक्षात पुढे कमी वळलेला निघतो, आणि हे कळतं दुसऱ्या दिवशी एक्स-रे आल्यावर. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०११ मध्ये आपल्याच १,८२३ खुब्यांचे कोन मोजून छापले. ठरवलेल्या दोन्ही मर्यादांत बसले फक्त ५० टक्के. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात! ज्यांची ऑपरेशनं कमी, त्यांचे कप जास्त चुकले. लठ्ठ पेशंटमध्ये आणि छोट्या चिऱ्यातून केलेल्या ऑपरेशनमध्येही तसंच. स्वतःचा निकाल असा उघड छापायला धाडस लागतं, मला त्यांचं कौतुक वाटलं.

म्हणून चांगले सर्जन डेटम शरीराच्या आतच शोधतात. वाटीच्या खालच्या तोंडाशी एक आडवा लिगामेंट असतो, त्याला समांतर कप ठेवला की पेशंट कितीही लवंडला तरी फरक पडत नाही, कारण खूण पेल्व्हिसबरोबरच फिरते. साधी आणि फुकटातली आयडिया. महागडी आयडिया म्हणजे कॉम्प्युटर नॅव्हिगेशन आणि रोबो. पहिला रोबो, रोबोडॉक, १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात माणसाच्या खुब्यावर चालला. आज आपल्याकडेही मोठ्या शहरांत रोबो आहेत आणि त्यांच्या जाहिराती रिक्षांच्या पाठीवर दिसतात. रोबोने कोन जास्त अचूक येतो हे मान्य. पण कोन कुठला हवा हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं, आणि खरी गोची तिथेच आहे.

कारण कप एकटा नसतो. स्टेमसुद्धा मांडीच्या हाडात पुढे वळलेला बसतो. सिमेंटशिवायचा स्टेम असेल तर हाडाची पोकळी जशी वळलेली, तसाच तो जातो, सर्जनचं फारसं चालत नाही. म्हणून दोघांची बेरीज बघायची. २००४ मध्ये विडमर आणि झुरफ्लू यांनी कॉम्प्युटर मॉडेलवरून एक सूत्र दिलं: कपाचं अँटिव्हर्जन अधिक ०.७ गुणिले स्टेमचं अँटिव्हर्जन बरोबर ३७.३ अंश. स्टेम १५ अंशाला बसला तर कप २६.८ ला. स्टेम ५ ला बसला तर ३३.८, स्टेम २५ ला गेला तर १९.८. बघा, एकाच टेबलावर, एकाच हॉस्पिटलात, दोन पेशंटमध्ये १४ अंशांचा फरक! त्यामुळे काही सर्जन आधी मांडीचं हाड तयार करतात आणि मग त्याला जुळणारा कप ठोकतात. हीच बेरीज टेबलावर तपासायची एक सोपी रीत डॉ. चित्तरंजन रानावत यांच्या नावाने ओळखली जाते. ट्रायलचे भाग बसवून पाय आत वळवत जायचा आणि बॉलचं तोंड कपाच्या तोंडाला समांतर झालं की थांबायचं. जेवढा पाय वळला तेवढी बेरीज. रानावत म्हणजे तेच, न्यूयॉर्कचे सर्जन, ज्यांनी पंतप्रधान वाजपेयींचे गुडघे २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलले.

आता मावशींच्या कागदावरच्या बॉलकडे येऊ. मोठा बॉल महाग आणि चांगला, असं त्यांना सांगितलं होतं. अर्धं खरं. बॉल बाहेर पडण्याआधी किती मिलिमीटर सरकावा लागतो याला जंप डिस्टन्स म्हणतात. अर्धगोल कप आणि अँटिव्हर्जन सोडून साधी भूमिती केली, तर ४५ अंशांच्या कपात २२ च्या बॉलला ८.४ मिमी, ३२ च्या बॉलला १२.२ आणि ३६ च्या बॉलला १३.८ मिमी मिळतात. मोठा बॉल जिंकला! पण तोच ३६ चा बॉल ६० अंशांच्या उभ्या कपात घाला. जंप डिस्टन्स ९.३. म्हणजे पैसे ३६ चे दिले आणि सुरक्षा २२ च्या जवळपासची मिळाली. कपाचे १५ अंश बॉलचे जवळजवळ १२ मिमी खाऊन गेले.

याहून वाईट उदाहरण ए.एस.आर. या सांध्याचं. धातूचा मोठा बॉल, धातूचाच कप, प्लॅस्टिकची भानगड नाही, तरुण पेशंटसाठी आदर्श, असा गाजावाजा होता. कप पूर्ण अर्धगोलापेक्षा उथळ होता. त्यामुळे थोडा जरी उभा बसला तरी लोड काठावर यायचा, मधली द्रवाची फिल्म तुटायची आणि धातू धातूवर घासून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरायचं. ऑस्ट्रेलियात प्रत्येक सांध्याची नोंद ठेवणारं रजिस्टर आहे. त्याने आकडे दाखवल्यावर डिसेंबर २००९ मध्ये तिथून हा सांधा काढून घेतला गेला, ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून. तोवर तो सुमारे ९३,००० लोकांत बसला होता. भारतातल्या पेशंटसाठी नुकसानभरपाईचं सूत्र सरकारने जाहीर केलं ते २०१८ मध्ये, ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपास. आठ वर्षं! डिझाइनमध्ये अँगलचा टॉलरन्स किती ठेवायचा हा आपल्यासाठी पाच मार्कांचा प्रश्न असतो. सर्जनचा हात पाच-दहा अंश इकडेतिकडे जाणारच हे धरूनच तो सांधा बनवायला हवा होता, हे माझं स्पष्ट मत आहे.

सिमेंटबद्दलही एक गोष्ट सांगायचा मोह होतो. म्हाताऱ्या पेशंटमध्ये स्टेम बऱ्याचदा ॲक्रिलिक सिमेंटमध्ये बसवतात. हे चिकटवत नाही, फटी भरतं, फरशीखालच्या ग्राउटसारखं. इंग्लंडमधल्या एक्झिटरमध्ये सर्जन रॉबिन लिंग आणि इंजिनिअर क्लाइव्ह ली यांनी १९७० मध्ये गुळगुळीत पॉलिश केलेला निमुळता स्टेम काढला. १९७६ मध्ये त्याचा पृष्ठभाग खरखरीत केला गेला. वाटतं ना, खरखरीत म्हणजे पकड जास्त? उलट हेच स्टेम जास्त सैल झाले! १९८६ मध्ये परत पॉलिशवर आले. गुळगुळीत टेपर सिमेंटमध्ये किंचित खाली सरकतो आणि पाचरीसारखा घट्ट होत जातो. खरखरीत सरकू शकत नाही, म्हणून सिमेंट खरवडतो. पुन्हा टेपरच!

लेविनेकच्या चौकटीचं काय झालं ते राहिलंच. २०१६ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी निखळलेले २०६ खुबे तपासले. त्यातले ५८ टक्के कप सेफ झोनच्या आत होते! मग चुकलं कुठे? चुकलं हे की चौकट झोपलेल्या माणसाची होती, आणि माणूस उठतो, बसतो. उभ्याचे बसलो की आपली कंबर मागे झुकते, साधारण २० अंश. पेल्व्हिस मागे झुकला की त्यातला कप आणखी पुढे उघडतो, दर अंशाला पाऊण अंश धरा. म्हणजे बसल्यावर मांडीला जागा व्हावी म्हणून कप आपोआप १५ अंश बाजूला होतो. पण ज्यांचा कणा आखडलेला आहे, किंवा कमरेत स्क्रू घालून मणके जोडलेले आहेत, त्यांचा पेल्व्हिस झुकतच नाही. मग सगळं वाकणं खुब्यालाच करावं लागतं, मान काठावर आपटते आणि बॉल मागून बाहेर. त्यांचा कप वेगळ्या कोनात हवा. त्यासाठी ऑपरेशनआधी उभं राहून आणि बसून असे दोन बाजूचे एक्स-रे काढतात. या सगळ्या वाचनात एक्स-रेच्या दोन फिल्म ही मला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट वाटली.

मावशींचा दुसरा प्रश्न होता, "मांडी घालून जेवायला बसता येईल का?" पुस्तकं बहुतेक खुर्चीवर बसणाऱ्या देशांतली, त्यामुळे हे उत्तर शोधायला वेळ लागला. मागून केलेल्या ऑपरेशननंतर सगळ्यात वाईट पोझिशन म्हणजे गुडघा वर, मांडी आत आणि पाऊल बाहेर. बसक्या खुर्चीत गुडघे जुळवून वाकणं, किंवा पायावर पाय टाकून बूट घालणं. मांडी घालताना गुडघे उलट बाहेर जातात, म्हणून ती दिशा त्या मानाने बरी. मोठा बॉल आणि नीट बसलेला कप असेल तर काही सर्जन काही महिन्यांनी परवानगी देतात, काही कधीच देत नाहीत. जमिनीवरून उठणं आणि उकिडवं बसणं हा जास्त कठीण भाग. तेव्हा घरी कमोड आणि पंगतीत खुर्ची हे धरून चाला, बाकी ज्याने कप ठोकलाय त्याला विचारा. त्यालाच कोन माहीत आहे.

आणि किती वर्षं टिकेल? २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये रजिस्टरच्या नोंदी एकत्र करून छापलं की २५ वर्षांनंतर सुमारे ५८ टक्के खुबे टिकून असतात. हे जुन्या प्लॅस्टिकच्या काळातले आकडे, नवीन जास्त टिकावेत. ४४ अधिक २५ म्हणजे ६९. दुसऱ्यांदा करायचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा खूप अवघड असतं, हाडच कमी उरलेलं असतं. म्हणून कागदावरच्या तीन बॉलपैकी मी मधल्या किमतीचा, ३२ चा आणि क्रॉसलिंक प्लॅस्टिकबरोबरचा, असं मत दिलं. पण त्याआधी सर्जनना चार प्रश्न विचारायला सांगितले. तुम्ही वर्षाला किती खुबे बदलता? बसून-उभं राहून एक्स-रे काढणार का? पायाची लांबी आणि ऑफसेट आधी फिल्मवर मोजणार का? आणि बसवलेल्या सांध्याचे स्टिकर आमच्या फाइलला लावून देणार का? ऑफसेट म्हणजे बॉलच्या मध्यापासून मांडीच्या हाडाच्या अक्षापर्यंतचं अंतर. ते कमी झालं तर स्नायूंचा ५ सेंमीचा आर्म ४ होतो आणि आपल्या हिशेबात सांध्यावरचे १५० किलो १७५ होतात, माणूस कायमचा डुलत चालतो. स्टिकर यासाठी की ए.एस.आर.च्या वेळी कित्येकांना आपल्यात कुठला सांधा आहे हेच सिद्ध करता येईना.

टेम्पोचं मात्र मी न विचारताच सांगितलं. डावा खुबा म्हणजे क्लचचा पाय, तेव्हा पहिले सहा आठवडे तरी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, आणि पुढे सर्जन हो म्हणतील तेव्हाच. पण सीटची काळजी नको. टेम्पोची सीट उंच असते, गुडघा खुब्याच्या खालीच राहतो. ऑपरेशननंतर त्रास होतो तो बसक्या गाडीच्या मागच्या सीटवर, म्हणजे नेमकी जी गाडी नातेवाईक डिस्चार्जच्या दिवशी प्रेमाने घेऊन येतात तिच्यात. त्या दिवशी पुढच्या सीटवर बसवा, सीट पूर्ण मागे सरकवा आणि खाली एक जाड उशी ठेवा.